हॅश लायब्ररी लिहिणाऱ्या पोरीला

तू टीमसाठी हॅशची लायब्ररी लिहायला घेतली आहेस, तर चार गोष्टी सांगून ठेवतो. अल्गोरिदमबद्दल त्यात काही नाही. एसएचए-२५६ च्या ६४ फेऱ्या मानकात छापलेल्या आहेत, आणि त्या स्वतः लिहिण्यापेक्षा वर्षानुवर्षं तपासला गेलेला कोड घेणंच शहाणपणाचं. मला बोलायचंय ते त्या कोडच्या बाहेरच्या अंगाबद्दल: फंक्शनांची नावं काय, ती घेतात काय, देतात काय, कुठल्या क्रमाने कॉल करायची, आणि वापरणारा चुकला तर त्याला ते कळतं कसं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, कारण हॅश फंक्शन कधीच तक्रार करत नाही. गिरणीत गव्हाऐवजी ज्वारीचा डबा गेला तर पीठ बघून तरी कळतं. इथे चुकीची फाइल घाल, अर्धी फाइल घाल, रिकामी ओळ घाल, भलत्या एन्कोडिंगमधला मजकूर घाल. बाहेर ३२ बाइट येणार आणि ते खऱ्या उत्तराइतकेच खरे दिसणार. चूक उघड होते ती पुढे कधीतरी, दोन हॅश जुळत नाहीत तेव्हा, आणि तोवर मूळ डेटा हाताशी नसतो. त्याहून वाईट म्हणजे जुळू नयेत ते जुळतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून वापरणाऱ्याला वेळेवर अडवण्याचं काम तुझ्या इंटरफेसचं आहे. ते दुसरं कुणी करणार नाही.

तेव्हा हॅशला फक्त बाइट घेऊ दे. स्ट्रिंग घेणारं फंक्शन लिहूच नकोस. लोक मागतील, सोयीचं पडतं म्हणतील, तरी नको. पायथॉन ३ ने हा कडकपणा पाळला आहे: स्ट्रिंग दिलीस की आधी एन्कोड करा म्हणून एरर येते. जावात स्ट्रिंगचे बाइट चारसेट न सांगताही काढता येतात, आणि २०२२ मध्ये जावा १८ येईपर्यंत ते काम त्या त्या मशीनच्या डिफॉल्ट चारसेटवर चालायचं. लिनक्सवर बहुधा यूटीएफ-८ असायचं, त्यामुळे डेव्हलपरच्या मशीनवर सगळं ठीक. पण पाश्चात्त्य कोडपेज असलेल्या विंडोजवर देवनागरीतलं एकही अक्षर त्या चारसेटमध्ये बसत नाही, आणि न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी जावा प्रश्नचिन्ह टाकते. ‘राम’ म्हणजे तीन कोडपॉइंट, ‘शाम’ म्हणजेही तीन. दोघांची तीन-तीन प्रश्नचिन्हं होतात आणि दोघांचा हॅश एकच येतो. कितीही भक्कम अल्गोरिदम घेतलास तरी हे टळत नाही, कारण टक्कर हॅशच्या आधीच होऊन गेलेली असते.

आपल्या भाषेत यूटीएफ-८ ठरवूनही प्रश्न संपत नाही. ‘वाऱ्यावर’ हा शब्द घे. त्यातला ‘ऱ’ हा युनिकोडमधला एकच कोडपॉइंट असू शकतो. मग शब्दाचे २४ बाइट होतात. तो ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांचाही असू शकतो. मग २७ बाइट. आणि जुन्या कीबोर्डवर टाइप केलेल्या मजकुरात तो ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर असा येतो. तेव्हाही २७ बाइट, पण वेगळे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिल्या दोघांना एका रूपात आणतं, तिसऱ्याला हात लावत नाही. तीन जणांनी एकच नाव टाइप केलं तर तीन हॅश तयार.

हे सगळं हॅश लायब्ररीने गुपचूप निस्तरावं असं तुला वाटेल. तसं करू नकोस. फाइलचा हॅश म्हणजे त्या फाइलच्या नेमक्या बाइटांबद्दलचं विधान असतं. त्यात कुणी मधेच सुधारणा केली तर ते विधान खोटं ठरतं. मजकुरासाठी शेजारी एक वेगळं फंक्शन दे आणि ते काय करतं हे त्याच्या नावातच लिही: यूटीएफ-८ मध्ये नेतं, एनएफसी करतं. जॉइनरचं काय करायचं हे ज्याचा डेटा आहे त्याने ठरवावं, पण तुझ्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे उदाहरण असू दे. मराठी नावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे. रिकामा इनपुट हा वैध इनपुट आहे, त्याचा हॅश दे. नल मात्र रिकामा समजून गिळू नकोस, एरर दे.

आता कॉलच्या रचनेबद्दल. तू जिथे बघशील तिथे तीन पायऱ्या दिसतील: इनिट, अपडेट, फायनल. रॉन रिव्हेस्ट यांनी १९९२ मध्ये एमडी५ चं वर्णन आरएफसी १३२१ मध्ये दिलं, त्यातल्या सी कोडमध्ये या तीन पायऱ्या होत्या, आणि तेव्हापासून बहुतेक सगळे त्याच वाटेने गेले. ही रचना गरजेची आहे. दहा जीबीची फाइल मेमरीत घेता येत नाही, नेटवर्कवरून डेटा तुकड्यांनी येतो. ब्राउझरमधल्या वेब क्रिप्टोने ही सोय दिली नाही, तिथे सगळा डेटा एकदम द्यावा लागतो. त्यामुळे मोठी फाइल हॅश करायची तर लोक दुसरी लायब्ररी आणतात. म्हणजे तुकड्यांची सोय हवीच. पण बहुतेकांच्या हातात एक बफर असतो आणि त्यांना एक उत्तर हवं असतं. त्यांच्यासाठी एका ओळीचा कॉल आधी ठेव, तीन पायऱ्या मागे. मधे तिसरी गोष्ट दे: फाइल किंवा स्ट्रीम घेऊन स्वतःच तुकडे पाडणारं फंक्शन. पायथॉनमध्ये तसं फंक्शन यायला ३.११ आवृत्ती उजाडली. तोवर प्रत्येकजण ते लूप आपापलं लिहीत होता, आणि प्रत्येक हाताने लिहिलेल्या लूपमध्ये शेवटचा तुकडा गळण्याची जागा असते.

तीन पायऱ्यांमधली सगळ्यात अवघड पायरी शेवटची. फायनल झाल्यावर त्या ऑब्जेक्टचं काय होतं? पायथॉनमध्ये डायजेस्ट कितीदाही मागा, आतली स्थिती बदलत नाही, पुढे अपडेटही चालतं. जावात डायजेस्ट मागितला की ऑब्जेक्ट कोरा होतो; लगेच पुन्हा मागितलात तर रिकाम्या इनपुटचा हॅश मिळतो, एररशिवाय. नोडमध्ये दुसऱ्यांदा मागितला की एरर येते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेला माणूस जुनी सवय घेऊन येतो, आणि जावाच्या बाबतीत ती सवय त्याला शांतपणे चुकीचं उत्तर देते. माझं मत विचारशील तर रस्टच्या लायब्ऱ्यांनी हे सगळ्यात नीट केलं आहे: फायनलाइझ हे फंक्शन हॅशरची मालकीच घेऊन टाकतं, त्यानंतर तो वापरायचा प्रयत्न केलास तर कोड कंपाइल होत नाही. तुझ्या भाषेत हे जमत असेल तर हेच कर. नसेल तर नोडसारखी एरर दे. जावासारखं मुकाट्याने कोरं करणं टाळ. आणि वेगळं क्लोन फंक्शन जरूर दे: टीएलएसच्या हँडशेकमध्ये आतापर्यंतच्या संदेशांचा हॅश मधेच लागतो आणि पुढचे संदेशही त्यातच जोडायचे असतात, तेव्हा प्रत काढण्याला पर्याय नसतो.

नावांचं महत्त्व गो भाषेच्या एका उदाहरणावरून लक्षात घे. तिथे हॅशरला सम नावाचं फंक्शन आहे आणि ते बाइटांची स्लाइस घेतं. नाव आणि रूप बघून कुणालाही वाटेल की दिलेल्या डेटाचा हॅश मिळेल. प्रत्यक्षात ते आतापर्यंत लिहिलेल्या डेटाचा हॅश काढून तू दिलेल्या स्लाइसच्या शेवटी जोडतं. म्हणजे नव्या हॅशरवर थेट सम कॉल करून पासवर्ड दिलास, तर परत येतो तो पासवर्ड जसाच्या तसा, आणि त्याच्यामागे रिकाम्या इनपुटचा हॅश. हेक्समध्ये बदलून डेटाबेसमध्ये टाकला की तो लांबलचक, गूढ दिसतो आणि कुणाला शंका येत नाही. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि जागा वाचवण्यासाठी स्लाइस घेण्याचं कारणही रास्त आहे, तरी नवखे त्यात पडतात. थोड्या मेमरीसाठी इतका धोका पत्करू नये असं मला ठाम वाटतं. मेमरीची काळजी असलेल्यांसाठी वेगळं, लांब नावाचं फंक्शन ठेव. साधं नाव साध्या कामाला दे.

लांबीबद्दल सावध राहा. एसएचए-३ ठरवण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटीने स्पर्धा घेतली, तेव्हा स्पर्धकांना दिलेल्या सी इंटरफेसमध्ये डेटाची लांबी बाइटमध्ये नव्हे, बिटमध्ये द्यायची होती. संशोधनाला ते ठीक होतं, रोजच्या वापराला नाही. तू लांबी बाइटमध्येच घे आणि ६४ बिटांच्या टाइपमध्ये घे. स्पर्धा जिंकणाऱ्या केच्चाकच्या अधिकृत कोडमध्ये काय झालं ते ऐक. अपडेटमध्ये ब्लॉकमध्ये उरलेले बाइट मोजताना बेरीज ३२ बिटांत होत होती. आधी एक बाइट द्यायचा आणि पुढच्या अपडेटमध्ये ४ जीबीला एक बाइट कमी इतका डेटा द्यायचा, की ती बेरीज शून्यावर घसरायची आणि बफरच्या बाहेर लिहिलं जायचं. २०११ पासून हा कोड लोकांसमोर होता, तो पायथॉनमध्ये होता, पीएचपीमध्ये होता. निकी मौहा यांनी ती चूक दाखवून दिली ऑक्टोबर २०२२ मध्ये. ॲपलच्या कोअरक्रिप्टोमध्येही २०१९ मध्ये प्रचंड इनपुटवर कधीच न संपणारं लूप सापडलं होतं. लक्षात घे, या दोन्ही ठिकाणी हॅशचं गणित निर्दोष होतं. चूक होती तुकडे जोडणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे ज्याला आपण किरकोळ समजतो त्या भागात.

अल्गोरिदम निवडायचा कसा? बऱ्याच लायब्ऱ्या नाव स्ट्रिंगमध्ये घेतात. जावात ‘एसएचए-२५६’ असं लिहून ऑब्जेक्ट मागितला की असा अल्गोरिदम नसल्याची एक्सेप्शन पकडावीच लागते, जरी प्रत्येक जावामध्ये तो असणं बंधनकारक आहे. मग लोक रिकामा कॅच ब्लॉक लिहितात आणि त्यांची सवय बिघडते. प्रत्येक अल्गोरिदमला त्याचं वेगळं फंक्शन किंवा टाइप दे, म्हणजे स्पेलिंगची चूक कंपायलरच पकडेल. डिफॉल्ट ठेवू नकोस. आज निवडलेला डिफॉल्ट उद्या बदलता येत नाही, कारण जगभर साठलेले हॅश त्यावर अवलंबून असतात. एमडी५ ची टक्कर २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. एसएचए-१ ची २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय आणि गूगलने दाखवली, एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइल जगासमोर ठेवून. जुने अल्गोरिदम द्यावेच लागतात, जुना डेटा पडताळायचा असतो. पण ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेव, ज्याच्या नावातच धोका वाचता येईल. पायथॉनने ३.९ मध्ये हा वापर सुरक्षेसाठी आहे की नाही हे सांगणारा पर्याय दिला. वापरणाऱ्याला हेतू बोलून दाखवायला लावणं मला फार आवडलं.

लांबी टाइपमध्ये गोठवण्याची किंमत गिटने मोजली. २००५ मध्ये गिट लिहिलं गेलं तेव्हा एसएचए-१ कायमचा धरला गेला, आणि सी कोडमध्ये जागोजागी २० बाइटांचे ॲरे आणि ४० हेक्स अक्षरं गृहीत धरली गेली. त्या ॲरेंच्या जागी एक स्वतंत्र टाइप आणण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि एसएचए-२५६ चा प्रायोगिक आधार ऑक्टोबर २०२० मध्ये आवृत्ती २.२९ मध्ये आला. म्हणून हॅशचं उत्तर नुसत्या बाइट ॲरेमध्ये देऊ नकोस. त्याला स्वतःचा टाइप दे, त्यात अल्गोरिदमचं नाव बाइटांबरोबर राहू दे, हेक्स रूप त्याच्याकडूनच मिळू दे. आपल्याकडचा कायदाही हेच मागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅशच्या शेजारी अल्गोरिदम नमूद करायची जागा आहे. ६४ हेक्स अक्षरं एकटी काहीच सांगत नाहीत. एसएचए-२५६ चीही तेवढीच, एसएचए३-२५६ चीही तेवढीच.

एकाहून अधिक गोष्टींचा मिळून हॅश काढणं ही वारंवार लागणारी गरज आहे, आणि तू सोय दिली नाहीस तर लोक स्ट्रिंग एकमेकींना चिकटवतील. ‘राम’ आणि ‘दास’ चिकटवले काय, ‘रा’ आणि ‘मदास’ चिकटवले काय, बाइट तेच. ॲमेझॉनच्या वेब सेवांच्या सहीची पहिली आवृत्ती यामुळेच कच्ची ठरली: पॅरामीटरची नावं आणि मूल्यं मधे काही न घालता जोडली जात होती, त्यामुळे एचमॅक असूनही एका विनंतीची सही दुसऱ्या विनंतीला लागू करता यायची. फ्लिकर गुप्त किल्ली पुढे आणि पॅरामीटर मागे असं जोडून एमडी५ काढत असे. २००९ मध्ये थाय दुओंग आणि हुलियानो रिझ्झो यांनी किल्ली माहीत नसताना सही पुढे वाढवून दाखवली. एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ या सगळ्यांत हा लांबी वाढवण्याचा दोष आहे. एसएचए-३ आणि ब्लेक२ मध्ये नाही. तेव्हा अनेक भाग घेणारं असं फंक्शन दे, जे प्रत्येक भागाआधी त्याची लांबी स्वतः लिहील. एनआयएसटीचं टपलहॅश याच कामासाठी आहे. किल्लीसाठी वेगळा टाइप आणि वेगळं फंक्शन कर, आतून एचमॅक किंवा ब्लेक२ ची किल्लीची सोय वापर. ब्लेक३ ने साधा हॅश, किल्लीचा हॅश आणि किल्लीपासून नवी किल्ली काढणं यांचे तीन वेगळे कॉल ठेवले आहेत, आणि एका कामाचं उत्तर दुसऱ्या कामात खपत नाही. ती रचना बारकाईने वाच.

तुलना तुझ्या टाइपमध्येच असू दे, आणि ती सगळे बाइट बघून मगच उत्तर देणारी हवी. पहिल्या वेगळ्या बाइटला थांबणारी तुलना वेळेवरून गुपित फोडते. पीएचपीमध्ये दोन बरोबर चिन्हांनी तुलना केली की ‘०ई’ ने सुरू होऊन पुढे फक्त अंक असलेले दोन हेक्स हॅश शून्य समजले जातात आणि समान ठरतात. स्ट्रिंगची तुलना लोकांच्या हातात दिलीच नाहीस तर हे दोन्ही मिटतं.

पासवर्डसाठी या लायब्ररीत काहीही देऊ नकोस, आणि का देत नाहीस ते ठळक लिही. एसएचए-२५६ वेगवान आहे, आणि पासवर्डला वेग हाच शत्रू. तिथे आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट लागतं. इंटरफेस शिकायचा असेल तर पीएचपी ५.५ चं पासवर्ड हॅशचं फंक्शन बघ: सॉल्ट ते स्वतः घालतं, अल्गोरिदम आणि किंमत उत्तराच्या स्ट्रिंगमध्येच लिहितं, पडताळायला वेगळं फंक्शन देतं, आणि जुना हॅश नव्याने काढायची वेळ आली का तेही सांगतं. चुकायला जागाच फारशी ठेवलेली नाही. एकच सांगतो, बीक्रिप्ट ७२ बाइटांपुढचं बघत नाही. देवनागरीत ते २४ कोडपॉइंट होतात, आणि मराठीत वाक्याचा पासवर्ड ठेवणाऱ्याचं अर्धं वाक्य त्यात वाया जातं.

चाचण्या लिहिताना मानकातली उदाहरणं घेशीलच. त्यांच्यावर थांबू नकोस. एसएचए-२५६ चा ब्लॉक ६४ बाइटांचा, भरणीचा एक बाइट आणि लांबीचे आठ; म्हणून ५५ बाइटांचा संदेश एका ब्लॉकमध्ये मावतो आणि ५६ चा दुसऱ्यात जातो. ०, १, ५५, ५६, ६३, ६४, ६५ या लांब्या तपास. मग दोनशे बाइटांचा एक संदेश घे, तो प्रत्येक जागी तोडून दोन अपडेटमध्ये दे, आणि दर वेळी उत्तर एका झटक्यातल्या कॉलशी जुळतं का बघ. ४ जीबीच्या अलीकडची-पलीकडची चाचणी रात्रीच्या बिल्डमध्ये लाव. रिकाम्या इनपुटचा एसएचए-२५६ ‘ई३बी०सी४४२’ ने सुरू होतो आणि एमडी५ ‘डी४१डी८सीडी९’ ने. दोन्ही पाठ कर. लॉगमध्ये किंवा टेबलमध्ये ते दिसले की कुणीतरी काहीच न देता हॅश काढलेला आहे हे तुला तिथल्या तिथे कळेल.

आणि डॉक्युमेंटेशनमधलं पहिलं उदाहरण घाईत, शेवटच्या दिवशी लिहू नकोस. बहुतेक लोक तेवढंच वाचतात आणि जसंच्या तसं आपल्या कोडमध्ये चिकटवतात. ते उदाहरण कोड लिहायच्या आधी लिही, त्यात एन्कोडिंग स्पष्ट दिसू दे, आणि ‘हॅलो वर्ल्ड’ ऐवजी एखादा ‘ऱ’ असलेला शब्द घाल.